दूध पडी ३ : तंजावरच्या नोंदी

३ जानेवारी, पुणे

प्रकल्पाचं नाव भारदस्त आहे : 'तंजावरी मराठीतील रोजच्या व्यवहाराचे शब्द'. प्रत्यक्षात तो म्हणजे दोनशे पानी एक वही, मोडीच्या वर्गातल्या आम्ही चौघी आणि डोक्यावर गुरुजी. दोघी छापील साधनांतून शब्द वेचणार, एकजण कोशात ताडून बघणार, आणि तंजावरला मी जाणार. मी निवृत्त, आणि आमचे हे प्रवासाला एका पायावर तयार, एवढीच माझी पात्रता.

निघताना गुरुजींनी सरावाला एक झेरॉक्स हातात ठेवली. तंजावरी वळणाचं मोडी, कुठल्यातरी कोठीचा हिशेब. मूळ कागद कुणाच्या तरी घरातला, वरची पट्टी फाटलेली. "परत याल तेव्हा वाचून आणा," म्हणाले.

४ जानेवारी, गाडीत

सोलापूर यायच्या आत वाचून झाली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, शब्द तोडायची पद्धत नाही. पण हा कारकून देवमाणूस होता, बोरू कुठे घाईत फिरवलेला नाही. तळाशी सन अर्धवट आहे : '…मयातैन व अलफ'. मराठी दप्तरांत अरबी आकड्यांनी लिहितात त्या सुहूर सनात एकं आधी, हजार शेवटी. मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे बाराशे आणि वर काहीतरी. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९९ किंवा त्यापुढचा. तंजावरच्या गादीवर सरफोजी दुसरे (१७९८ ते १८३२) नाहीतर त्यांचे पुत्र शिवाजी (१८५५ पर्यंत). कालनिर्णय जमला म्हणून स्वतःलाच एक चहा पाजला.

बाकी यादी वहीत उतरवली. माझे शेरे कंसात :

छत्र… (पुढे फाटलंय. राजाचं छत्र? मग ही जामदारखान्याची यादी असेल.)
तांदूळ कलम ७ मरकाल ४ (सातवं कलम. पहिली सहा फाटलेल्या भागात गेली. मरकाल हे माल पुरवणाऱ्याचं नाव असावं.)
तूर मरकाल ९ (पुन्हा तोच मरकाल.)
दूध पडी ३ (पडलं? सांडलं?)

ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "सांडलेल्या दुधाचा हिशेब कोण ठेवतो?" मी म्हटलं, मराठी दप्तरातले कारकून काय काय लिहून ठेवत तुम्हाला काय ठाऊक!

६ जानेवारी, तंजावर

चेन्नईत सेंट्रलवरून एग्मोरला सामान ओढत नेणं हा या प्रवासातला खरा गड. रात्रीच्या गाडीने पहाटे पोचलो. राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर एका आजींच्या घरी वरची खोली घेतली आहे. त्यांना सगळे 'पाटी' म्हणतात, म्हणजे आजीच. त्यांना हिंदी येत नाही, मला तमिळ येत नाही. चुलीच्या भाषेत भागतं.

सरस्वती महाल राजवाड्याच्या आवारातच आहे. मुळात हे नायक राजांचं ग्रंथभांडार. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी इथे आले, भोसल्यांचं राज्य झालं आणि पोथ्याही त्यांच्याकडे आल्या. नायकांचा दरबार तेलुगूचा, पंडितांची भाषा संस्कृत, गावाची तमिळ आणि नव्या राजाची मराठी. चारही भाषांनी एकमेकींना न हाकलता इथे बिऱ्हाड केलं. १९१८ साली हा खासगी संग्रह लोकांसाठी खुला झाला. आज पूर्ण नाव तंजावूर महाराजा सरफोजी सरस्वती महाल ग्रंथालय. रिक्षावाल्याला एवढं सांगायची गरज नाही, 'सरस्वती महाल' पुरतं.

८ जानेवारी

आज फक्त दर्शनी दालन. काचेतल्या वस्तूंपुढे पर्यटक झपाझप सरकतात. मी वहीवाली म्हणून अडखळत.

पहिल्यांदा पाय थांबले ते माणसांच्या आणि जनावरांच्या चेहऱ्यांपाशी. चौदाव्या लुईच्या दरबारातला चित्रकार शार्ल ल ब्रँ याने माणसाचा चेहरा आणि त्याच्याशी जुळणारं जनावराचं तोंड शेजारी शेजारी काढलं : घुबडासारखा माणूस, बैलासारखा माणूस. ह्यांनी लगेच आमच्या नात्यातल्या तिघांची नावं घेतली. वहीत लिहीत नाही.

मग गजशास्त्राची सचित्र पोथी. हत्तींची लक्षणं, रंगीत. लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरचा फ्रेंच ग्रंथ. १७९१ सालचं ॲमस्टरडॅमचं सचित्र बायबल. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, ग्रीक पुस्तकं सरफोजींनी हजारांनी मागवली आणि त्यांतल्या कित्येकांवर स्वतःची सही केली. सही इंग्रजीत. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने या दत्तक राजपुत्राला शिकवलं, ते कागदावर दिसतं.

गादीवर बसल्याच्या पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, कंपनीने तह करून राज्याचा कारभार काढून घेतला. उरला किल्ला, वाडा आणि वर्षासन. इतरांनी अशा वेळी काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. या माणसाने पुस्तकं जमवली, छापखाना घातला, दवाखाना चालवला. १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेले ते येताना पोथ्या आणि पोथ्यांच्या नकला घेऊन आले. काशीहून लोक गंगा आणतात.

९ जानेवारी

सूची. इथल्या संस्कृत पोथ्यांची पहिली मोठी इंग्रजी सूची आर्थर बर्नेल याने केली, १८८० ची. तो न्यायाधीश. दिवसा खटले आणि उरलेल्या वेळी ताडपत्रं. हाच बर्नेल हेन्री यूलबरोबर 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाचा कर्ता. हिंदुस्थानातले जे शब्द इंग्रजीत जाऊन वेगळ्याच वेषात नांदू लागले त्यांचा तो कोश. छापून आला १८८६ मध्ये, पण बर्नेल १८८२ मध्येच गेला.

तंजावरात बसलेल्या माणसाला असा कोश सुचला यात नवल नाही. इथे रस्त्यावरच शब्द वेष बदलून हिंडतात. (हे मी आज ऐटीत लिहिलं आहे. वेष बदललेले तीन शब्द माझ्या वहीत ४ तारखेपासून बसून होते हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! — २३ तारखेला समासात घातलेली भर.)

१२ जानेवारी

ताडपत्र हातभर अंतरावरून पाहिलं. एक पान म्हणजे फूटपट्टीपेक्षा थोडं रुंद, कडक, कडेला तपकिरी. शाई नसतेच. लोखंडी टोकाने अक्षर कोरायचं, म्हणजे नव्या पानावर ते जवळजवळ दिसतच नाही. मग काजळी चोळायची आणि पुसून घ्यायची. काजळी खाचेत बसते, बाकीचं पान स्वच्छ. पान सुकून ठिसूळ होऊ नये म्हणून गवती चहाचं तेल लावतात. त्या वासाने मला थेट पावसाळ्यातल्या आमच्या परसात नेलं.

आणि दुसरा वास, तो ओळखायला अर्धा मिनिट लागला : वेखंड. इथली जुनी रीत म्हणजे वेखंड, काळं जिरं, लवंग, मिरी, दालचिनी यांची भरड पूड कापरासह पुरचुंडीत बांधून पोथ्यांशेजारी ठेवायची. किडा फिरकत नाही. आपल्याकडे वेखंड म्हणजे बाळंतिणीची खोली, बाळाच्या टाळूवरची पूड. इथेही ते तान्ह्या मुलांचंच औषध. तमिळमध्ये त्याला वसंबू म्हणतात, पण संध्याकाळनंतर नाव घ्यायचं नाही, 'नाव न घ्यायचं औषध' म्हणायचं. पाटींनी हे मला ओठांवर बोट ठेवून सांगितलं. आपण नाही का रात्री सापाला जनावर म्हणत?

वही : वेखंड — वसंबू. (शब्द वेगळे, कपाट एकच.)

१५ जानेवारी

पोंगल. सगळं बंद. दारोदारी ऊस आणि हळदीची ओली रोपं. पाटींनी नव्या तांदळाचा गोड भात दिला. काम शून्य.

१६ जानेवारी

आज माट्टू पोंगल, म्हणजे इथला बैलपोळा. बृहदीश्वराच्या देवळातल्या अखंड दगडाच्या नंदीला आज भाज्याफळांनी मढवतात : वांगी, भोपळे, काकड्या, गाजरं, संत्री, माळाच माळा. एवढा थोरला नंदी भाजीबाजारात बुडालेला दिसतो. ह्यांनी पन्नासएक फोटो काढले.

मी मात्र देवळाच्या मागच्या अंगाला गेले. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलेलं हे देऊळ, भिंतीभर तमिळ शिलालेख, आणि नैर्ऋत्येकडे वळलं की अचानक देवनागरी. भोसले वंशाचं चरित्र, मराठीत, १८०३ साली सरफोजींनी कोरवून घेतलेलं. एका दमात वाचून होत नाही इतकं लांब. राज्य हातचं गेल्यावर चार वर्षांनी माणूस घराण्याचा इतिहास दगडावर लिहितो, तोही अशा गावात जिथे तो वाचणारे थोडेच. पहिल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. शेजारून जाणारी शाळेची पोरं थांबली, एकाने विचारलं, "तेलुगु?" मी म्हटलं, "मराठी." तो म्हणाला, "ओ, रायर!" इथल्या मराठी ब्राह्मणांना रायर म्हणतात. रावाचा रायर. मी रायर नाही, पण मान डोलावली.

१९ जानेवारी

नाटकं. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सीतास्वयंवर केलं, म्हणून त्या दिवशी आपण रंगभूमी दिन साजरा करतो. इथल्या बाडांत व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' आहे, १६९० च्या आसपासचं. दीडशे वर्षं आधीचं मराठी नाटक. रंगभूमी दिनाच्या भाषणांत याचा उल्लेख का नसतो, याचं उत्तर मला वाटतं नकाशात आहे. तंजावर आपल्या 'इकडे' येत नाही.

जास्त वेळ गेला तो 'देवेंद्र कुरवंजी'वर. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. विरहिणी नायिका, तिच्याकडे डोंगरातली कुरत्ती येते, टोपली, काठी, हात बघून भविष्य सांगते. आधी आपल्या डोंगराचं, नद्यांचं वर्णन करायचं अशी रीत. सरफोजींच्या नावावर असलेल्या या मराठी कुरवंजीत काय केलंय, तर ही बाई साऱ्या जगाचा भूगोल सांगते. खंडं, देश, समुद्र, डोंगर, नद्या. भविष्य सांगणारणीच्या तोंडी नवा भूगोल, तोही गाण्यात. मुलांना पाठ व्हावा याहून नामी युक्ती कुठली? चौथीत आमच्या बाईंनी नद्यांची यादी छडीने पाठ करून घेतली होती.

याच राजाच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'बालबोध मुक्तावली' छापली गेली. इसापाच्या गोष्टी, मराठीत. पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव पेशवे होते आणि छापखान्याचा पत्ता नव्हता.

२० जानेवारी

सर्दी. वेखंड सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही.

२३ जानेवारी

आज लाज वाटावी असा दिवस, आणि या प्रवासातला सगळ्यात चांगलाही.

सकाळी खाली पाणी घ्यायला गेले. पाटी तांदूळ मोजत होत्या. पितळेचं उभं माप, पेल्यासारखं, काठ घासून गुळगुळीत झालेला. भरलं, तळव्याने सपाट केलं, ओतलं. "ओरु पडि." पुन्हा भरलं. "रेंडु पडि."

मी हंडा तिथेच ठेवून वर पळाले.

पडि हे माप आहे. दूध सांडलेलं नव्हतं. दूध तीन पडी आणलं होतं.

मग बाकीची पत्त्यांच्या घरासारखी कोसळली. ग्रंथालयात जाऊन बसले. इथल्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद टिपांसह खंडांत छापले आहेत. शेजारच्या टेबलावर एक संशोधक मुलगी होती, तिला विनंती केली. ती तमिळ वाचून इंग्रजीत सांगायची, मी मराठीत लिहायची. कलम् हे धान्याचं मोठं माप. मरक्काल हे त्याहून लहान. बारा मरक्काल म्हणजे एक कलम्. तीही सहज म्हणाली, तिच्या आजोबांच्या गावी भात अजून कलमांत बोलतात.

'तांदूळ कलम ७ मरकाल ४' म्हणजे सात कलम् चार मरक्काल तांदूळ. सातवी बाब वगैरे काही नाही. आणि मरकाल नावाचा व्यापारी, ज्याच्यावर मी मनातल्या मनात चार पानं लिहून टाकली होती (मरक्कायर असेल का, समुद्रावरचा मुसलमान व्यापारी असेल का), तो नव्हताच.

पुरावा माझ्या डोळ्यांपुढेच होता. झेरॉक्सवर 'मरकाल'च्या पुढे आलेले आकडे : ४, ९, ११, २, ८. कुठेही बारा नाही, बाराच्या वर तर नाहीच. जिने आयुष्यभर ऑफिसात आकड्यांच्या रकान्यांवर नजर फिरवली तिला हे दिसू नये? बारा झाले की वरच्या मापात जातात, इतकं साधं.

अक्षर एकही चुकलं नव्हतं. वाचलं बरोबर, समजले चूक. मराठी दप्तरात 'कलम' म्हणजे बाब, हे डोक्यात इतकं पक्कं की दुसरं काही असेल हा संशयच नाही.

२४ जानेवारी

काल रात्री ह्यांनी आपली मापं आठवून दिली. निळवं, कोळवं, चिपटं, अधोली, पायली, मण, खंडी. ह्यांच्या आजोळी अधोली होती, लाकडी, लोखंडी पट्ट्या मारलेली. कोकणातल्या एखाद्या खोतीच्या कागदात 'भात पायली ३' आलं असतं तर मी क्षणभरही थांबले नसते. तंजावरच्या कारकुनाला पडी तशीच. त्याने परका शब्द वापरलाच नाही. तो भाताच्या मुलखात जन्मला, माप तिथलं, भाषा घरची. परकी मी.

वहीचे रकाने बदलले. आधी 'मराठी शब्द' आणि 'तमिळ शब्द' असे दोन होते. आता एकच रकाना, आणि पुढे 'कशाला वापरत'.

२७ जानेवारी

आता 'छत्र' राहिलं. राजाचं छत्र समजून जामदारखाना म्हटलं होतं मी. जामदारखान्यात तूर आणि दूध! अन्नछत्र हा शब्द लहानपणापासून तोंडात असून सुचलं नाही. इकडे धर्मशाळा आणि अन्नछत्र मिळून जे असतं त्याला छत्रम् म्हणतात. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी छत्रं बांधली.

म्हणून आज बसने ओरत्तनाडूला. तिथलं मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या आठवणीसाठी बांधलं. लग्नाची बायको नव्हे, नाटकशाळा. तिच्या नावाने वाटसरूंना जेवण. लांबच लांब इमारत, दगडी जोतं, कोरीव लाकूड, दुपारचं ऊन आणि माझ्याशिवाय चिटपाखरू नाही. ओट्यावर बसून डबा खाल्ला. छत्रात बसून डबा घरचा, हे काही बरोबर वाटलं नाही.

१८०१ मध्ये सरफोजींनी तंजावरचा इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पत्र लिहिलं. मागणं एवढंच की बाकी काही घ्या, छत्रं माझ्याकडे राहू द्या. आणि मग छत्रांत काय चालतं ते सांगितलंय. येईल त्याला अन्न. आजारी पडला तर वैद्य आणि पथ्याचं जेवण. वाटेत कुणी मेला तर त्याच्या जातीच्या रीतीने क्रियाकर्म. बाळंत होणाऱ्या बाईची सोय. तान्ह्या मुलांना दूध.

हे वाचून झेरॉक्स पुन्हा काढली. 'दूध पडी ३' ही ओळ यादीत सर्वांत खाली, धान्य, तेल, मीठ, मिरची सगळं झाल्यावर, सनाच्या जरा वर. ताक-दही वेगळ्या ओळीत आहेच. हा कागद कुठल्या छत्राचा ते फाटलेल्या भागात गेलं, त्यामुळे पुढे काही जोडत नाही. पण वहीतला तो शेरा, '(पडलं? सांडलं?)', खोडरबराने पुसला. मग वाटलं पुसायला नको होता. परत लिहिला, आणि त्यावर रेघ मारली.

३१ जानेवारी

खाण्याचं पान. गटातल्या तिघी रोज फोनवर याचीच मागणी करतात.

सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं बाड 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने ग्रंथालयाने छापलं आहे. मराठीत. त्याआधीचं, सतराव्या शतकातलं संस्कृत 'भोजनकुतूहल' रघुनाथ नवहस्त म्हणजे नवाथे यांचं. या रघुनाथांचा व्यंकोजींच्या राणी दीपाबाईंशी संबंध होता. त्यात 'कुण्डलिका' नावाचा पदार्थ आहे आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी ती जिलबी आहे हे दाखवून दिलं. पोथ्यांमधून जिलबीचा माग काढणाऱ्या संशोधकाला माझा वेगळा नमस्कार.

पण बाडं उघडायची गरज नाही, ताट पुरे. दुपारी मेसमध्ये 'पिट्लै' आली. चिंच, डाळ, भाजलेल्या मसाल्याची दाट आमटी. आपल्या पिठल्याशी रंगाशिवाय काही जमत नाही, पण नाव आपलंच. 'रसवांगी' : त्यातलं वांगं मराठी, भाजीतलंही आणि नावातलंही. तमिळमध्ये वांग्याला कत्तरिक्काय म्हणतात, तरी इथे वांगीच. 'डांगर पचडी' : उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. हे तर आमच्या आईचं डांगर. मी वाढप्याला "डांगर" म्हणून दुसऱ्यांदा मागितलं, त्याने काही न विचारता वाढलं. पाच हजार रुपये तिकिटाला घालवल्याचं सार्थक.

सांबाराची गोष्टही अर्थात ऐकवली गेली. संभाजी राजे पाहुणे आले, आमसूल संपलं होतं, चिंच घातली, म्हणून सांबार. इथे प्रत्येकजण ती सांगतो. चवीला छान आहे. वहीत घेतली नाही.

२ फेब्रुवारी

आवराआवर. राहिलेलं भराभर पाहिलं. 'कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस' : भरतनाट्यमच्या नाचासाठी सरफोजींच्या मराठी रचना, हाही ग्रंथालयाने छापलाय. मराठी शब्दांवर भरतनाट्यम, ऐकायला कान शोधतात. पाश्चात्त्य पद्धतीने कागदावर उतरवलेल्या स्वरलिपीची बाडं. राजाचा स्वतःचा बँड होता.

धन्वंतरी महालातले, म्हणजे सरफोजींच्या दवाखान्यातले, नेत्ररोग्यांचे कागद मात्र भराभर बघता येईनात. रोग्यांच्या डोळ्यांची चित्रं, पापणी, बुबुळ, त्यावरचा पांढरा पडदा, सगळं रंगांत. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या दिवाळीनंतर झालं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलेला माझा डोळा असाच होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने तो समोर बसून, हाताने, रोग्याला हलू नका सांगत काढला असणार.

निघताना पाटींना पुण्याहून आणलेली इरकली साडी दिली. त्यांनी मला काय दिलं असेल? पितळी पडि. जुनी, काठ झिजलेली. नको नको म्हणाले, पण तमिळमधला नकार मला येत नाही.

७ फेब्रुवारी, पुणे

वही गटाला दाखवली. एकूण २१४ शब्द, त्यांतले ४१ अजून प्रश्नचिन्हासह. कोशवाल्या ताईंनी तिथल्या तिथे नऊ खोडून टाकले, बरोबरच खोडले. मापांचं पान वेगळं काढायचं ठरलं.

गुरुजींनी माझी झेरॉक्स घेतली. शेरे वाचले, खोडलेलेसुद्धा. मरकाल व्यापाऱ्याशी आल्यावर चष्मा काढून हसले. मी पिशवीतून पडि काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती हातात घेऊन काठावरून अंगठा फिरवला, उलटी करून बुड पाहिलं.

मी विचारलं, "तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"

"पहिल्या वेळी मी मरकाल हे गाव धरलं होतं," ते म्हणाले. "नकाशात आठवडाभर शोधलं."

तेवढ्यात नव्या तुकडीतली एक मुलगी आत आली, तिला सरावाला कागद हवा होता. गुरुजींनी त्याच झेरॉक्सची कोरी प्रत काढून तिच्या हातात दिली, पडि टेबलाखाली ठेवली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "हिला कुणी काही सांगायचं नाही."